दार कोणी उघडलं

रियाध,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय स्मृती,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. ऊन उतरल्यापासून आई रोज संध्याकाळी कंपाउंडमध्ये फिरते. तिचा व्हिसा जानेवारीपर्यंत आहे.

तुझं पुस्तक पोचलं. कुरिअरवाल्याला बिल्डिंग सापडेना, शेवटी अवनीनं फोनवर तोडक्यामोडक्या अरबीत त्याला रस्ता सांगितला. मागच्या पानावरच्या तुझ्या फोटोवरून आईनं हात फिरवला. "केस पिकले हिचे," एवढंच म्हणाली.

ओहायोत सुरुवातीला तू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचीस, हे आम्हाला कवितांतूनच कळलं. आता कॉलेजात शिकवतेस, एवढं मोठं बक्षीस मिळालं. अभिमान वाटतो, हे मनापासून लिहितेय.

'गॅलरी' ही कविता मी आईला इंग्रजीतून मराठी करून सांगणार नव्हते. पण तिनं अवनीला धरलं. आमच्या लेकीचं मराठी तुला माहीत नाही. "आजी, बाबानं मुलीला बाल्कनीत लॉक केला, कारण तिनं अमेरिकेचा फॉर्म भरला. ऊन खूप होतं. आई आत राइस क्लीन करत बसली."

मला वाटलं, आई उठून जाईल. ती म्हणाली, "बसले होते खरी. पुढे?"

"मग डोअर ओपन झाला. बाय इटसेल्फ. म्हणजे आपोआप."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकायला उठले.

स्मृती, कडी मी काढली होती. तू चपला न घालता जिना उतरलीस, मागे पाहिलं नाहीस. पाहायला नकोच होतंस. बाबांनी त्याच आठवड्यात माझं एम.एस्सी. बंद केलं आणि दिवाळीनंतर लग्न लावून दिलं. संसार चांगला झाला, तक्रार नाही. बाबा गेले तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "त्या घरात माझं कुणी नव्हतं."

कविता बदलू नकोस. छापलेली आहे, आणि चांगली आहे. मी ती चारदा वाचली, दरवेळी त्या ओळीशी थांबले.

आई तुझ्याशी बोलायचं म्हणतेय. पुढच्या शुक्रवारी आम्ही घरीच आहोत, फोन कर. मी उचलेन. लगेच आईला दे म्हणू नकोस, आधी थोडं माझ्याशी बोल.

तुझी,
हेमाताई