आईच्या उशाशी हिरवं बटण

ठाणे, ७ नोव्हेंबर १९५४, रवि.
आई आज तासभर ओल्या चादरीत. अंगावरून वारं गेल्यापासून उजवा हात तेवढा जेमतेम हलतो, त्याचीही दोनच बोटं चालतात, हाक धड निघत नाही. भांडं वाजवत होती. वहिनी म्हणे, "ऐकू नाही आलं हो भाऊजी." स्वयंपाकघर चार पावलांवर! झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. दादाने पेपरातून मान वर केली नाही.
बघतोच आता.

९ नोव्हें., मंगळ.
शाळेतून थेट कल्याण कँप. लष्करी भंगारात रिले मिळाला, काड्यापेटीएवढा. गुंडाळीत वीज गेली की पत्ती ओढतो. अजून ठणठणीत.

१२ नोव्हें., शुक्र.
साधी घंटा नकोच. बोट उचललं की थांबणार, नि पुन्हा "ऐकू नाही आलं". म्हणून पत्ती ओढली की तिच्यातूनच गुंडाळीला वीज. आईने हिरवं बटण एकदा टेकवलं की पत्ती धरून बसेल, घंटा वाजतच राहील. बंद करायचं लाल बटण पलंगाच्या पायथ्याशी. यावंच लागेल बाईसाहेबांना.
संध्याकाळी सगळं जोडलं, तर बोट उचललं की बंद! एक तार भलत्याच ठिकाणी. वहिनी दारातून बघून गेल्या. हसल्या असणार.

१४ नोव्हें., रवि.
चालू! आई अर्ध्या तोंडाने हसली.
वहिनी: "एक लाल बटण चुलीपाशी द्या ना. नैवेद्य होईस्तोवर मी सोवळ्यात. पलंगाला शिवले की पुन्हा आंघोळ. घंटा बंद करून तुम्हाला हाक मारीन."
म्हटलं, चुलीपाशी बसून बंद करायची तर भांडं काय वाईट होतं? वर आणखीही बोललो. दादा: "सोड ना रे." नाही सोडत.
चाचणीसाठी एक लाल बटण माझ्या टेबलावर आहे. काढायचंय.

१८ नोव्हें., गुरु.
वहिनींची आज सकाळी तीनदा आंघोळ. माझ्याशी बोलणं बंद. बरं झालं.

२१ नोव्हें., रवि.
सकाळी रेडिओ उघडून तारांना डाख देत बसलेलो. घंटा वाजली. वाटलं, जातील वहिनी. कटकट नको म्हणून टेबलावरचं लाल दाबलं. परत वाजली, परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मान वर केल्याचंही आठवत नाही.
मग वाजली नाही.
वहिनींना वाटलं, घंटा थांबली म्हणजे मी आईपाशी गेलो. दादा मंडईत. आई पलंगावरून खाली पडलेली, कपाळाला खोक. वहिनींनीच उचललं, सोवळ्यात. मग माझ्या खोलीत आल्या. टेबलाकडे बघितलं.
"हे कधी बसवलंत, भाऊजी?"


२२ नोव्हें., सोम.
आईला दोन टाके. टेबलावरचं बटण उपटलं. दादा: "तुझ्यापेक्षा ते भांडं बरं." वहिनींना म्हटलं, चुलीपाशी देतो बसवून. "आता नको. मला जाता येतं."
लाज वाटते. रागही येतो, नि तो अजून वहिनींचाच येतो.

२६ नोव्हें., शुक्र.
रविवारपासून घंटा नाही. बॅटरी पाहिली, पत्ती घासली. मी दाबलं की वाजते. आईचा हात बटणावर ठेवला, तिने काढून घेतला. "टेबलावरचं काढलंय गं आई." भिंतीकडे बघत राहिली.
दुपारी तिने भांडं वाजवलं. मी धावत गेलो, समोर उभा राहिलो, काय हवं विचारलं. माझ्याकडे बघत वाजवतच राहिली. वहिनी आल्या तेव्हा थांबली.
हिरवं बटण अजून उशाशी आहे. काढू की राहू दे, विचारायचं कोणाला?