‘जो’ लावलेले मंत्र

पिपरी मेघे, वर्धा
१६ ऑक्टोबर २०२४

चि. योगेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, पण दुकानात बसतात. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून कागदच घेतला.

तुझी कादंबरी आपल्याच झेरॉक्स मशीनवर छापून वाचली. गिऱ्हाइकं ताटकळली. उडते डोंगर, बोलते साप, सगळं झकास! पण जादूचे नियम आले आणि मी सावध झाले.

तुझ्या राज्यात ‘ये’ म्हटल्यानं कोणी येत नाही. ‘येजो’ म्हणावं लागतं. नंतर करायचं काम सांगताना आपल्या बोलीत आपण लावतो तोच हा ‘जो’. म्हणून तुझे मंत्र उशिरा फळतात, म्हणणाऱ्याचं मन बदललं तरी फळतात, आणि परत घेता येत नाहीत. पुण्याच्या वाचकाला ही तुझी हुशारी वाटेल. मला वाटलं, याला हे सुचलं कुठून?

मग सातवं प्रकरण. चेटकीण आजारी राजाच्या डाव्या हाताला कोमट तेल चोळते आणि म्हणते, ‘सुटजो.’ एकोणीस दिवसांनी राजा जातो.

बाकी भाषा छान आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दाखवल्या आहेत, रागावू नकोस.

बरं, लिहूनच टाकते. बाबांच्या लकव्याचा तो अकरावा महिना. कारंज्याच्या घरी मी एकटीच होते. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, कूस बदलली की लहान मुलासारखे रडायचे. त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळता चोळता मी म्हणाले, ‘‘बाबा, लय थकला तू. आता सुटजो.’’ हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या भाऊजींनाही नाही. अर्ध्या तासानं तू आलास. म्हणालास, ‘‘ताई, बस धाब्यावरच थांबून राह्यली होती.’’

एकोणीस दिवसांनी बाबा गेले. तेव्हापासून वाटतं, मीच त्यांना घालवलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा भयंकर राग आला. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून हा मला चेटकीण करतो आहे, असंच वाटलं. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग पुन्हा वाचायला घेतली, तुझ्या नियमांतली खोट काढायलाच. तेव्हा दिसलं, की मंत्र म्हणणारीला काहीच होत नाही. दाराआडून ऐकणारा गप्प राहिला, तर त्याच्या तोंडाची चव जाते.

तेरवीच्या दिवशी तू ताटातलं नुसतं चिवडत होतास. मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी. पण त्याला दोन वर्षं झाली. परवा रूपालीचा फोन आला होता. म्हणाली, ‘‘ताई, काही करून वाढा, यायले गोडच लागत नाई. काऊन ते सांगत बी नाई.’’ नवऱ्याचं असं काय झालंय, ते बिचारी मला विचारत होती.

बस वेळेवर आली होती ना, योगू? तू ओसरीत उभा होतास. मग आत का नाही आलास? माझा राग आला होता, की तुझ्याही तोंडी तोच शब्द आला होता?

तसं असेल तर मला लिही. कादंबरीत नको, मला. तो शब्द मी एकटीनंच म्हटला, हे आता मला सोसत नाही.

त्या दाराच्या आतली,
तुझी ताई