अस्वलाला उघडता आलेलं दार

प्रिय व्हर्नाताई,

तुझे गुडघे कसे आहेत? स्पोकेनचा उकाडा आता सरला असेल. इथं माझं काही खरं नाही. तुझी भावजय नेड्रा रुसून तुझ्याकडे येऊन बसली आहे, म्हणजे तिची बाजू तू ऐकलीच असशील. आता धाकट्या भावाचीही ऐक.

संधिवातानं माझी बोटं वळत नाहीत म्हणून तू मायेनं दारांसाठी आडव्या मुठी पाठवल्यास आणि मी त्या हौसेनं बसवून घेतल्या. (आमच्या खोऱ्यात झाडून सगळ्या दारांना गोल मुठी का असतात, हे जन्म इथं काढून मी विसरलो. तुझा काही दोष नाही, तू शहरातली.) गोल मूठ पिरगाळावी लागते, ते ग्रिझली अस्वलाला जमत नाही. आडवी नुसती दाबायची. एकानं तिच्यावर पंजा ठेवला आणि ते जावयाच्या थाटात आत आलं.

थंडीत झोपायचं असतं म्हणून ही अस्वलं आत्ता अहोरात्र खात सुटतात, आणि नाक असं तिखट की नेड्राचा जांभळ्या रानबेरींचा जॅम त्याला डोंगरापलीकडूनच कळला असावा. मला आधी वाटलं, साधं काळं अस्वल असेल, हाकलू. पण खांद्यावर हे एवढं वशिंड, खोलगट तोंड, पिकल्यासारखी केसांची टोकं आणि नखं माझ्या बोटांएवढी (आणि बोटांपेक्षा कामाची). ग्रिझलीच ते. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तशी नेड्रा किंचाळली. मी म्हणालो, "अगं, रागानं नाही, नीट बघायला उभी राहतात ती." ही माहिती तेव्हा द्यायला नको होती. चर्चच्या विक्रीसाठी केलेल्या सगळ्या बरण्या फोडून, चाटूनपुसून ते आल्या वाटेनं गेलं.

शेजारचा रॉस्को म्हणतो, "हार्लन, दार उघडून दिलंस, मग चमचा द्यायला काय झालं होतं?" नेड्रा हसली नाही. "गोल मुठी बसल्याशिवाय या घरात पाऊल टाकणार नाही," म्हणाली आणि निघाली. फोनही घेत नाही. घर खायला उठतं गं ताई. घास उतरत नाही.

तिला सांग, गोल मुठी बसवल्या.

तुझा,
हार्लन

ता. क. मुठी रॉस्कोनं बसवल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. माझ्या बोटांनी ते आतून उघडत नाही. मागचंही नाही. कालपासून आतच आहे.

आणखी ता. क. हे पत्र खिडकीतून रॉस्कोकडे देतोय. "दार उघडू का?" म्हणून त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. नेड्रा येऊन उघडेल.