ताई, तुझा चिखल मी उपसला

प्रिय ताई,

जय भीम.

काल ग्रामसभेत तळ्यात पुन्हा मशीन लावायची गोष्ट निघाली. मी उठून नको म्हटलं. मागून कोणी ओरडलं, "मागच्या उन्हाळ्यात तूच तं आणली होती जेसीबी!" मी म्हटलं, "हो, मीच आणली. ताईले न इचारता." गावाला सांगून झालं. तुला मात्र कधी सांगितलंच नाही.

घुग्घुसच्या कोळसा खाणीकडे जाणारे ट्रक आपल्या तळ्यावर धुतले जायचे. तेल गाळात मुरलं, काय वास यायचा! तू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचीस आणि रविवारी साडी खोचून चिखलात उतरायचीस. एका कोपऱ्याला बांबूची ताटी लावून तू दोऱ्यासारखे लाल किडे सोडलेस, नदीतल्या, पाणी गाळणाऱ्या जिवंत शिंपल्या सोडल्यास. गाव हसलं. मीही हसलो ना गं?

एकदा तू मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलंस. चिखलाच्या एका थेंबात केवढी धावपळ! "तेल खाणारे तं याच्याहून बारीक हायेत, बाबू," तू म्हणालीस. "पण त्याईले हवा लागते. किडे बिळं करतेत, तिथून हवा खाली जाते. घाई केली तं सगळं मरते."

आणि मी घाईच केली. तू नागपूरच्या दवाखान्यात होतीस. मी पंचायतीत निवडून आलो होतो, लोक रोज विचारत होते, तळं कधी साफ करता? मशीन कोपऱ्याशी आलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, हे बी काढू का?" तुला एक फोन करायला काय झालं होतं मला? मी म्हटलं, "काढ."

काठावर ढीग पडला. बाकी सगळा गाळ काळा, घाणेरडा. तुझ्या कोपऱ्यातला मात्र तपकिरी, नांगरलेल्या वावरासारखा वास असलेला. शिंपल्या उन्हात तोंड उघडत होत्या. मूठभर उचलून पाण्यात टाकल्या. बाकीच्या तिथेच राहिल्या.

दवाखान्यात आलो तेव्हा तू खाटेवरून विचारलंस, "माहा चिखल कसा हाय रे?"

"बरा हाय."

तू डोळे मिटून हसलीस. मी तुला पाणी पाजलं आणि बाहेर जाऊन बसलो. त्याच आठवड्यात तू गेलीस.

पावसाळ्यानंतर ट्रक परत आले, तळं परत काळं झालं. ताई, लहानपणापासून तू माझं सगळं पोटात घातलंस. एकदा तरी कान पिळायचा होतास!

आज तुझ्या लेकीला, सोनूला, सगळं सांगितलं. तिने आत जाऊन दार लावून घेतलं.

उद्या मी ट्रक उतरतात त्या वाटेवर दगड रचणार आहे. मग नदीवर जाऊन शिंपल्या आणीन, किडे आणीन. सोनूला हाक मारीन. ती आली नाही तरी मी चिखलात उतरेन, आणि परवा पुन्हा हाक मारीन.

तुझाच,
बाबू