पळसाच्या पानांचा सुनील

४ ऑगस्ट
शोध थांबवला. दापोड्याच्या गोडाऊनमधल्या मित्रांबरोबर सु. धबधबा बघायला गेला आणि वरून पडला, एवढेच सगळ्यांना माहीत. खाली सापडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पितरांच्या पंधरवड्याआधी पलसाच्या पानांचा पुतला करून अग्नी द्या. माझा पोर अधांतरी रायलाय." मी हो म्हटले की तो गेला. नाही म्हटले तर…
भावजींना एवढेच सांगितले, आधी मला ती जागा बघायची आहे.

९ ऑगस्ट
काल्हेरहून पहाटे निघालो, मी आणि भावजी. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून चालत. जंगल इतके दाट की भर दुपारी भावजींनी मोबाइलची बॅटरी लावली. पायाला जळवा.
मग झाडी संपली आणि समोर धबधबा.
मनात शिव्या घेऊन गेले होते. इतके सुंदर असेल असे वाटले नव्हते. तोंडावर तुषार आले आणि पहिला विचार आला, सु.ला दाखवायला पाहिजे. पडला त्या सकाळी इथूनच फोनवर म्हणाला होता, "पुढच्या वेळी तुला आणतो. बघशील तर घरी यायचं नाव घेणार नाहीस."
वनरक्षक म्हणाला, "ताई, पाणी खडकाखाली शिरतंय. दिवाळीनंतर डोह उघडा पडतो. तवर काय सांगता येत न्हाई."

१० ऑगस्ट
जळवांच्या जागी सासूबाईंनी हळद लावली. "काय पायलंस?"
"पाणी."
"आनखी?"
"खूप पाणी."
डोहाचे सांगितले नाही. म्हटले, करा पुतळा.

१८ ऑगस्ट
भटजींनी ओटीवर पुतळा बांधला. अंगावर त्याचेच वस्त्र हवे म्हणाले. निळा शर्ट दिला. गळ्याचे बटण तुटले होते, सवयीने लावून दिले. घातला तर बाह्या लोंबत राहिल्या.
सासूबाई बाहेर आल्या. "किती बारीक झालाय," म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. भावजी उचलायला वाकले, तर "हात लावू नको."
"आये, तूच बोललीस ना?"
"दिवालीनंतर डोह दिसतो, तूच बोललास ना?"
म्हणजे भावजींनी सांगितले होते. भटजी तसेच परत गेले.

१९ ऑगस्ट
केर काढताना त्याची बाही जमिनीला लागत होती. दुमडून वर ठेवली. भटजींचा फोन येऊन गेला. भावजी म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच सांगा. अग्नीसाठी उचलायचा की बांधलेला सोडायचा?" सासूबाईही माझ्याकडेच बघत होत्या.
पाने कडेने वाळायला लागली आहेत.