खुर्चीखालची पट्टी

मुळशी, मंगळवार, नोव्हेंबर १९५९

१. धरणाच्या बंगल्यात पोलादी नळीच्या खुर्च्या आल्या.
२. साहेब म्हणाले, "परदेशी दिसतात."
३. मी एक उलटी करून पाहिली.
४. खाली पितळी पट्टी. तिच्यावर माझ्या मामेभावाचं, विनायकदादाचं नाव.

पट्टी वाचायची गरजच नव्हती. नळीचा लांबीभर जाणारा जोड वाकाच्या ना आतल्या बाजूला, ना बाहेरच्या, बरोबर कडेला होता. तिथे ताण येत नाही. दादाच्या कारखान्यात हे मीच ठरवलं होतं. पाठीचा कल आईच्या दुखऱ्या कमरेवरून घेतला होता. तोही तसाच आहे.

खानसामा धोंडीबा म्हणाला, "ताई, खालनं काय बघताय?"

"कुणी केली ते."

"मंग नाव हाय की तितं!"

हो, आहे. पट्टी करताना दादा म्हणाला होता, "अगं, बाईचं नाव बघून गिऱ्हाईक पोळपाट मागेल." मीही हसले. का हसले? तो जोड मात्र अजून कडेलाच आहे. आणि मी इथे दुसऱ्यांचे नकाशे गिरवते.

उद्या त्याला एवढंच लिहायचं:

दादा, सोमवारी ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. स्वतःचं काम दाखवायचं आहे. खुर्चीचा आराखडा माझा, असं तुझ्या सहीने लिहून दे. शनिवारपर्यंत उत्तर पाठव.