नावानं हाक मारणारे साहेब

प्रिय दादा,

तुला मी आयुष्यात पत्र म्हणून लिहिलं नाही. चेन्नईतल्या चेन्नईत शोळिंगनल्लूरहून अंबत्तूर ते किती लांब, आणि फोन होता की! पण आज तुझ्या कारखान्यात जाऊन आले. तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही.

तुझा डबा आणि चष्मा आणायला गेले होते. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमननं विचारलं, कुठले देशमुख? इथे दोन आहेत. मला तुझ्या खात्याचं नावही ठाऊक नव्हतं रे! मग मी काय केलं? डोळ्यापाशी बोट नेलं आणि बुबुळ नाकाकडे वळल्याची खूण केली. तुला जाऊन बारा दिवस झाले, आणि तुझी सख्खी बहीण तुझी ओळख अशी देत होती.

लहानपणी मी तुला 'चकण्या' म्हणायचे. आई रागवायची, पण तिनं तरी काय केलं? तुझ्या स्थळाच्या कागदावर 'नजरेत किंचित दोष' लिहून मोकळी झाली. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता 'तिरळेपणा असलेली व्यक्ती' म्हणावं. शब्द बरा आहे. निदान त्यात माणूस तरी आहे.

माझ्या दहावीच्या निकालाचे पेढे आठवतात? घर पाहुण्यांनी भरलेलं. तू माझ्यापुढे बॉक्स धरून म्हणालास, "घे." मला म्हणतोयस हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "कुणाला म्हणतोयस?" सगळे खो खो हसले. तूही हसलास.

त्या दिवसापासून तुझं प्रत्येक वाक्य नावानं सुरू झालं. "सुमे, पाणी दे." "काका, बसा." मी चिडवायचे, "हजेरी घेतोस का?" तू म्हणायचास, "सुमे, समोरच्याला कळायला नको का, मी कुणाशी बोलतोय ते?" एकदा तरी मला फाडकन बोलायचं होतंस! का नाही बोललास?

वॉचमननं माझी खूण पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग एकदम म्हणाला, "अडडा, पेर सोल्लि कूप्पिडऱ सारा?" नावानं हाक मारणारे साहेब का? त्यानं हात जोडले. त्याच्या तमिळमधलं मला इतकं कळलं, की त्याला सगळे 'वॉचमन' म्हणतात. 'मुरुगेसन, वणक्कम' म्हणणारा तू एकटाच होतास.

त्यानं माझं नाव विचारलं. मी म्हटलं, सुमेधा. तो म्हणाला, "सुमे?"

गेटवरच्या फोनवरून माझ्याशी बोलताना तू रोज तशीच सुरुवात करायचास ना! मी तिथेच, त्याच्या स्टुलावर बसून रडले.

निघताना मी म्हटलं, "मुरुगेसन, येते." किती खुलला म्हणून सांगू!

दादा, माझं बोट पुन्हा डोळ्याकडे जाणार नाही. कुणी विचारलं तर तुझी ओळख मुरुगेसननं दिली तीच देईन. आणि आता मीही आधी नाव घेईन, मग बोलेन. सुरुवात तुझ्यापासून करते.

दादा, माझं चुकलं. तुलाच म्हणतेय रे. मागे वळून बघू नकोस.

तुझीच,
सुमी